पेशवाई घराण्यात कशी आली?

निवडणुका जवळ आल्या की घराणेशाहीची चर्चा आपल्याकडे नेमाने सुरू होते आणि निकाल लागले की तितक्याच नेमाने थंडावते. मंत्र्याचा मुलगा, आमदाराची सून, कारखान्याच्या अध्यक्षाचा पुतण्या अशा याद्या वाचून वाचक दोन घटका हळहळतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा त्याच आडनावाला मत देऊन येतो. या चर्चेत पेशव्यांचा दाखला हटकून दिला जातो. १७१३ ते १८१८ अशी १०५ वर्षे आणि पाच पिढ्या भट घराण्याने मराठी राज्याचे मुख्य प्रधानपद आपल्याकडे ठेवले, ही वस्तुस्थिती आहे. तथापि दाखला देणारे बहुधा बाजीरावापासून आरंभ करतात, किंवा एकदम शनिवारवाड्यात उतरतात. ज्या गृहस्थापासून ही परंपरा सुरू झाली त्या बाळाजी विश्वनाथांना स्वतःला हे पद वारशाने मिळाले नव्हते. किंबहुना वारशाने आलेला एक पेशवा ऐन वेळी निकामी ठरला म्हणून ते त्यांच्याकडे आले. हा विरोधाभास लक्षात घेतल्याशिवाय घराणेशाहीच्या प्रश्नाचे मूळ हाती लागत नाही, असे मला वाटते.

बाळाजीपंत हे कोकणातील श्रीवर्धनचे. दंडाराजपुरी व श्रीवर्धन या महालांची देशमुखी त्यांच्या घराण्याकडे पूर्वापार होती. म्हणजे वतन आणि वारसा या गोष्टी त्यांना जन्मतःच परिचित होत्या. पण वतन किती ठिसूळ असते हेही त्यांनी लवकरच पाहिले. जंजिऱ्याच्या सिद्दीचा त्या मुलखावर अंमल होता. सिद्दीची वक्रदृष्टी फिरल्यावर भट घराण्याला गाव सोडून घाटावर यावे लागले. याच सुमारास वेळासचे भानू कुटुंबही त्यांच्याबरोबर परागंदा झाले. पुढे नाना फडणीस ज्या घराण्यात जन्मले ते हेच भानू. संकटाच्या वाटेवर जुळलेला हा दोन कुटुंबांचा संबंध शतकभर टिकला आणि एका घराण्याकडे पेशवाई तर दुसऱ्याकडे फडणिशी राहिली. आपले राजकीय संबंध किती वेळा असे घरगुती संबंधांतून निघतात!

चिपळूणच्या मिठागरावर बाळाजीपंतांनी प्रथम कारकुनी केली असे परंपरेने सांगितले जाते. पुढे ते मराठ्यांच्या मुलकी कारभारात शिरले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचे व त्यानंतर दौलताबादेचे सरसुभेदार झाले. औरंगजेब दक्षिणेत तळ ठोकून बसलेला होता तेव्हाची ही नोकरी. एका गावाचा वसूल मोगल, मराठे आणि वाटमारे असे तिघेही मागत. अशा मुलखातून शेतसारा गोळा करायचा, तो फौजेच्या खर्चाला पोचता करायचा आणि रयत गाव सोडून जाणार नाही एवढी काळजीही घ्यायची, हे काम तलवारबहाद्दराचे नव्हे. ते हिशेब जाणणाऱ्याचे व माणसे ओळखणाऱ्याचे काम होते. बाळाजीपंतांना घोड्यावर धड बसताही येत नसे, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरावे लागे, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. साहेबाचा खोचकपणा त्यातून वजा केला तरी त्यांचे बळ खोगिरावर नव्हे तर दप्तरात होते, एवढे त्यावरून खास ठरते. आमच्या कारकून वाचकांनी याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि सुमारे अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत काढलेले शाहू महाराज सुटून दक्षिणेत आले. ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला. सेनापती धनाजी जाधव ताराबाईंच्या बाजूने शाहूंवर चालून गेले खरे, परंतु खेडच्या लढाईच्या वेळी ते शाहूंना मिळाले. धनाजींच्या पदरी असलेल्या बाळाजीपंतांचा या बदलात हात होता असे मानले जाते. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी धनाजी वारले, आणि सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांच्याकडे गेले. येथेही वारसाच! चंद्रसेनाचे व बाळाजीपंतांचे मुळीच पटेना. १७११ मध्ये शिकारीतील एका हरणावरून तंटा झाल्याचे निमित्त सांगतात. खरे कारण अर्थात हरणाहून मोठे होते. सेनापतीच्या फौजेवर महसुली देखरेख करणारा, राजाच्या विश्वासातला अधिकारी चंद्रसेनाला डोळ्यांसमोर नको होता. बाळाजीपंतांना जीव घेऊन पळावे लागले. पांडवगडाचा आश्रय घ्यावा लागला. शाहूंनी त्यांना चंद्रसेनाच्या हवाली करण्याचे नाकारले. चंद्रसेन प्रथम ताराबाईंकडे व अखेर निजामाकडे गेला. महाराजांनी बाळाजीपंतांना ‘सेनाकर्ते’ हा किताब दिला.

हा किताब नीट समजून घेतला पाहिजे. सेनापती फौजेनिशी निघून गेला होता, खजिना रिकामा होता, आणि राजाला नवी फौज पाहिजे होती. ती उभी करायची म्हणजे सावकाराकडून पैसा उचलायचा. सावकार पैसा राजाच्या नावावर देईना, कारण हे राज्य उद्या टिकेल की नाही याची त्यास खात्री नव्हती. तो पैसा बाळाजीपंतांच्या शब्दावर देत होता. भट घराण्याच्या सोयरिकी पाहिल्या की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. थोरल्या चिरंजीवांची, म्हणजे बाजीरावांची, पत्नी काशीबाई ही चासच्या जोशी सावकारांची कन्या. मुलगी भिऊबाई बारामतीच्या जोशी नाईकांकडे दिलेली, तेही सावकारच. राज्याची पत आणि प्रधानाच्या कुटुंबाची पत यांचे धागे असे आरंभापासूनच एकमेकांत गुंतले होते.

मात्र या काळातील त्यांचे सगळेच बेत तडीस गेले असे नाही. हिंगणगावच्या दमाजी थोराताने त्यांना बेल-भंडाऱ्याच्या शपथेवर बोलावून दगा दिला आणि कैद केले. महाराजांनी दंड भरून त्यांची सुटका केली. पुढे याच थोराताने सचिव नारो शंकर यांनाही पकडले. नारो शंकर त्या वेळी पोरवयाचे होते. वडिलांच्या मागे अगदी तान्हे असतानाच त्यांना सचिवपदाची वस्त्रे मिळाली होती. बाळाजीपंतांनी अखेर थोराताचा बंदोबस्त केला, आणि सचिवांच्या मातुश्रींनी कृतज्ञतेने पुरंदर किल्ला त्यांच्या स्वाधीन केला. तेव्हा पाळण्यातले प्रधान ही काही सवाई माधवरावांच्या वेळी निघालेली नवी टूम नव्हे.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे ताराबाईंचा पक्ष धरून घाटावर चढले. शाहूंचे पेशवे होते बहिरोपंत पिंगळे. शिवछत्रपतींचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांचे हे पुत्र. अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरेने द्यायची नाहीत, वेतन रोख द्यायचे, जमिनी तोडून द्यायच्या नाहीत, हा छत्रपतींचा दंडक होता. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासात या दंडकावर फार भर दिला आहे आणि तो मोडल्यामुळे पुढे काय झाले हेही दाखविले आहे. प्रत्यक्षात मोरोपंतांच्या पश्चात पेशवेपद त्यांच्या मुलाकडे, नीळकंठ मोरेश्वरांकडे, गेले होते. शाहूंनी ते त्याच घरातील बहिरोपंतांना दिले. हे बहिरोपंत कान्होजींवर चालून गेले आणि कान्होजींच्या कैदेत पडले. साताऱ्यावर संकट आले. अशा वेळी १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथील मुक्कामी शाहूंनी पेशवेपदाची वस्त्रे बाळाजी विश्वनाथांना दिली. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. सरसुभ्याचा अनुभव, एक पलायन आणि सावकारांच्या वह्यांतली चोख पत एवढे भांडवल जमा झाल्यावर हे पद त्यांना लाभले.

नव्या पेशव्याने कान्होजींशी लढाई केलीच नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे उभयतांची भेट झाली आणि १७१४ च्या आरंभी तह ठरला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानावे, बहिरोपंतांना सोडावे. त्यांचे सरखेलपद कायम राहावे आणि किनाऱ्यावरील दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहावीत, असा मतितार्थ. दोघेही कोकणचे, दोघांचाही शत्रू जंजिऱ्याचा सिद्दी. एकही मोठी लढाई न करता राज्याचे आरमार शाहूंच्या बाजूस आले. परंतु या तहाची किंमतही लक्षात ठेवली पाहिजे. किल्ले आंग्रे घराण्याकडे राहिले. नोकराचा मानकरी झाला, आणि मानकऱ्याचे पुढे संस्थान झाले.

मुलखाच्या व्यवस्थेत त्यांनी जे केले त्याकडे इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत एका ओळीपलीकडे लक्ष दिलेले नसते. पुणे प्रांत उजाड झाला होता. बाळाजीपंतांनी वसुलाचा मक्ता देण्याची पद्धत बंद केली आणि पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्तावा दिला. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा थोडा चढवीत नेऊन काही वर्षांनी पूर्ण. ज्यास बैल व बियाणे उधारीने आणायचे आहे त्या कुणब्याला पहिली दोन वर्षे श्वास घेऊ दिला तर तिसऱ्या वर्षी सरकारला वसूल मिळतो, हे गणित त्यांना कळले होते. पुढे पेशव्यांचे पुणे वाढले ते या पायावर.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार मात्र दिल्लीचा. बादशहा फर्रुखसियर आणि त्याला गादीवर बसविणारे सय्यद बंधू यांचे वितुष्ट आले होते. धाकटा सय्यद हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार होता. मराठ्यांशी लढत राहून दिल्ली सांभाळता येणार नाही हे त्यास उमगले, आणि १७१८ मध्ये शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने तह ठरला. शिवाजी महाराजांच्या वेळचे स्वराज्य मान्य. दक्षिणेतील सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांना. त्याबद्दल मराठ्यांनी पंधरा हजार स्वार बादशाही चाकरीस द्यावेत, मुलूख चोर-लुटारूंपासून राखावा आणि दहा लाख रुपये खंडणी द्यावी. फर्रुखसियरने तह नामंजूर केला. तेव्हा हुसेन अलीबरोबर बाळाजीपंत मराठी फौज घेऊन दिल्लीस गेले. १७१९ च्या फेब्रुवारीअखेर बादशहा पदच्युत झाला. शहरात दंगल उसळली आणि त्यात हजारावर मराठे प्राणास मुकले. नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव त्यांतलेच. मार्च महिन्यात नव्या बादशहाच्या नावे सनदा मिळाल्या. १६८९ पासून कैदेत असलेल्या मातुश्री येसूबाईंची सुटका झाली, आणि बारा वर्षांनी आई व मुलगा साताऱ्यास भेटले. शाहूंच्या दृष्टीने सगळ्या सनदांहून ही प्राप्ती मोठी असावी. या एका गोष्टीने बाळाजीपंतांच्या घराण्याशी राजाचे मन जे जडले ते अखेरपर्यंत सुटले नाही.

सनदांचा हिशेब मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावा असा आहे. सहा सुभ्यांचा मोगली दप्तरातील वसूल सुमारे अठरा कोटी. त्याचा चौथा हिस्सा साडेचार कोटी, आणि सरदेशमुखी दहावा हिस्सा, म्हणजे एक कोटी ऐंशी लाख. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांच्या लढायांनी बेचिराख झालेल्या मुलखातून त्याच्या निम्मेही येणे कठीण. पण बाळाजीपंतांनी आकारणी मागितली ती जुन्या पूर्ण तनख्यावर. त्यामुळे कितीही वसूल केला तरी बाकी राहणारच, आणि बाकी आहे म्हणून पुन्हा फौज नेण्याचा हक्कही राहणारच. यात धूर्तपणा किती आणि नाइलाज किती हे ठरविणे अवघड आहे. रयतेला मात्र दोन्ही सारखेच.

या चौथाईची वाटणीही ठरली. शेकडा पंचवीस राजबाबती म्हणून महाराजांची. शेकडा सहा, ज्याला सहोत्रा म्हणत, ते पंत सचिवांचे. शेकडा तीन नाडगौडी. ती राजाच्या मर्जीने कोणासही द्यावयाची. राहिलेले शेकडा सहासष्ट, म्हणजे कागदोपत्री जवळजवळ तीन कोटी, मोकासा म्हणून सरदारांना फौजेच्या खर्चाकरिता तोडून दिले. एका सरदाराला सलग मुलूख मिळू नये म्हणून हे हक्क वेगवेगळ्या महालांत विखरून ठेवले. एका गावावर चार जणांचे हक्क. त्यामुळे कोणीही एकटा बळावू नये, प्रत्येकास दुसऱ्याची गरज पडावी, अशी योजना. हितसंबंधांच्या धाग्याने सर्वांना एकत्र गुंफण्याची ही युक्ती रानड्यांना मोलाची वाटली, आणि ज्या परिस्थितीत ती निघाली ती पाहता रानड्यांशी मतभेद होण्याचे कारण नाही. खजिन्यात पगार देण्यास पैसाच नव्हता. दंडकाप्रमाणे रोख वेतन द्यायचे तर ते आणायचे कोठून?

परंतु माझ्या मते घराणेशाहीचे बीज नेमके येथेच पडले, आणि ते स्वभावातून नव्हे तर कर्जातून पडले. मोकासा मिळालेला सरदार फौज उभी करण्यासाठी सावकाराकडून पैसे घेई. तारण काय, तर पुढील वर्षांचा मोकासा. कर्ज दहा वर्षांचे आणि सरदाराचे आयुष्य बेभरवशाचे. तो लढाईत पडला तर सावकाराने कोणाकडे पाहावे? मोकासा मुलाच्या नावे चालू राहिला तरच कर्ज फिटेल. म्हणून सरदाराचा मुलगा सरदार व्हावा अशी इच्छा सरदारापेक्षाही त्याच्या सावकाराला अधिक असे. राजा तोडून देत होता व्यक्तीला, पण पैशाच्या व्यवहाराने ते घराण्याचे होऊन बसत होते. जी गोष्ट सरदाराची तीच पेशव्याची. पेशव्याचे कर्ज केवळ अधिक मोठे होते इतकेच. बाजीराव आयुष्यभर कर्जाने गांजले होते, आणि माधवरावांना मृत्युशय्येवर चिंता होती तीही कर्जाचीच, हे इतिहासाला माहीत आहे.

दिल्लीहून परतल्यावर बाळाजीपंत फार काळ जगले नाहीत. दगदगीने प्रकृती ढासळली होती. २ एप्रिल १७२० रोजी सासवड येथे त्यांचे देहावसान झाले. पेशवेपद त्यांनी साडेसहा वर्षेही भोगले नाही.

त्यांच्या जागी कोणास नेमावे यावर दरबारात वाद झाला. बाजीराव अवघ्या एकोणीस वर्षांचे, अननुभवी व उतावळे, असा आक्षेप निघाला. आक्षेप घेणाऱ्यांत प्रमुख होते श्रीपतराव प्रतिनिधी. आता हे श्रीपतराव प्रतिनिधी कसे झाले होते? त्यांचे वडील परशुराम त्रिंबक १७१८ मध्ये वारले म्हणून! वारशाने आलेल्या मंत्र्याने दुसऱ्याच्या वारशास हरकत घ्यावी, हा प्रकार आपल्या काळात आपण अनेकदा पाहतो. त्याला जुनी परंपरा आहे. शाहूंनी हरकत मानली नाही. पंधरा दिवसांच्या आत, १७ एप्रिल रोजी, कऱ्हाडजवळ मसूर येथे त्यांनी बाजीरावांना वस्त्रे दिली. मुलगा दिल्लीच्या स्वारीत बापाबरोबर होता, त्यास सनदांचे मर्म ठाऊक होते, आणि बापाच्या शब्दावर पैसे देणारे सावकार मुलाच्या शब्दावर देण्यास तयार होते. निवड उत्तम ठरली हे सांगण्याची आवश्यकता नाही. अडचण अशी की ती उत्तम ठरल्यामुळेच पुढच्या वेळी निवड करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली.

अगदीच कोणास वाटली नाही असेही म्हणता येत नाही. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवाईसाठी एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. ते बारामतीचे बाबूजी नाईक, म्हणजे बाळाजीपंतांच्या कन्येचे दीर. रघूजी भोसल्यांचे पाठबळ आणि स्वतःचा सावकारी पैसा या दोन गोष्टींवर त्यांची भिस्त होती. शाहूंनी एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांनाच नेमले. म्हणजे स्पर्धा झाली ती पेशव्याचा नातू आणि पेशव्याचा व्याही यांच्यात. तिसरा कोणी श्रीवर्धनहून परागंदा झालेला, मिठागरावर हिशेब लिहिलेला मनुष्य तेथपर्यंत पोचण्याची वाट एवढ्यात बंद झाली होती. पुढे माधवराव पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते, नारायणराव सतरा वर्षांचे, आणि १७७४ मध्ये सवाई माधवरावांना वस्त्रे मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते.

१८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांना शरण जाऊन सालीना आठ लाखांची नेमणूक पत्करली आणि तो कानपूरजवळ बिठूर येथे जाऊन राहिला. तेथे तो १८५१ मध्ये वारला. त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी नेमणूक पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. ती नेमणूक एका व्यक्तीस दिलेली होती, घराण्यास नव्हे, असे सांगून कंपनी सरकारने ती बंद केली.